हिरवा माल, पिवळा माल

फेब्रुवारी लागला की बिबवेवाडीत द्राक्षांसाठी फार पायपीट करावी लागत नाही. गंगाधामकडून वर येणाऱ्या रस्त्याला, अप्परच्या बसथांब्यांजवळ, सोसायट्यांच्या फाटकांसमोर हातगाड्या उभ्या राहतात. माल पहाटे खाली मार्केट यार्डातून उचललेला असतो. गाडीवर बहुधा दोन ढीग असतात, एक हिरवट आणि एक पिवळसर. गिऱ्हाईक न सांगता पिवळ्याकडे वळतं. "ताई, खाऊन बघा, साखर आहे साखर," म्हणत गाडीवाला दोन मणी हातावर ठेवतो आणि सौदा तिथेच मिटतो. हिरवा ढीग संध्याकाळपर्यंत दहा-वीस रुपयांनी उतरतो.

मौज अशी, की बिबवेवाडीचा आणि मार्केट यार्डाचा पिनकोड एकच, ४११०३७. आणि याच पिनकोडात, गुलटेकडीच्या पणन मंडळाच्या आवारात, 'महाग्रेप्स' या निर्यात संस्थेचा पत्ता आहे. त्या पत्त्यावरून युरोपला गेलेल्या द्राक्षांत पिवळा मणी म्हणजे नापास मणी. तिथे हिरवाच हवा, तोही एकसारखा हिरवा, देठापर्यंत. एकाच वाणाचं द्राक्ष, कदाचित एकाच गावचं; एका रस्त्यावर त्याचा पिवळेपणा विकला जातो आणि दोन किलोमीटरवरच्या पत्त्याच्या हिशेबात तोच पिवळेपणा खोक्याबाहेर काढला जातो. द्राक्षाचा रंग आणि त्याचं टिकणं या दोन गोष्टी महाराष्ट्रात कुठून कुठे आल्या, ते बघायचं तर या घडाला धरून मागे मागे जावं लागतं. सरळ बागेतून बाजारात येण्यापेक्षा हा उलटा रस्ता बरा, कारण बाजारात आल्यावर जे दिसतं त्याचं कारण दर वेळी आधीच्या मुक्कामावर सापडतं.

आधी पिवळ्याची बाजू. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका या जातींचे मणी पिकत जातात तसं त्यांचं हरितद्रव्य कमी होतं, आम्ल उतरतं, साखर चढते आणि ऊन लागलेल्या बाजूला अंबरी छटा येते. म्हणजे पिवळा मणी गोड असण्याची शक्यता खरंच जास्त. पण तो वेलीवर जास्त दिवस राहिलेला आणि जास्त तापलेला असतो, त्यामुळे त्याच्या वाट्याचे पुढचे दिवस कमी असतात. हिरवा मणीही गोड असू शकतो. साखरेच्या मापात १८ ब्रिक्सचा हिरवा मणी सावलीत वाढलेला आहे, एवढंच त्याच्या रंगाने कळतं. रंगावरून गोडी ओळखण्याची आपली सवय आंब्याकडून आलेली असावी. आंबा आढीत पिकतो, केळं पिकतं, चिक्कू पिकतो. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. कात्री लागली त्या क्षणाला जेवढी साखर, तेवढीच शेवटपर्यंत. त्यानंतर द्राक्षाला एकच दिशा असते, उताराची. म्हणून टिकाऊपणा ही गोष्ट द्राक्षात नंतर घालता येत नाही. ती आधीच मण्यात असावी लागते.

हे महाराष्ट्राला कळलं ते बऱ्यापैकी महाग पडून. १९९१ साली पणन मंडळ आणि राष्ट्रीय सहकार विकास निगम यांच्या पाठबळावर द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन महाग्रेप्स उभी राहिली. तोवर आपली द्राक्षं मुख्यतः आखातात जात. आखात जवळचं, आणि तिथला खरेदीदार फार चिकित्सक नव्हता. युरोपचा हिशेब निराळा. न्हावाशेवाहून सुएझमार्गे रॉटरडॅमला पोचायला तीन-साडेतीन आठवडे, पुढे गोदाम, मग दुकान, मग घरातला फ्रीज. दक्षिण आफ्रिका आणि चिली यांचा माल बाजारात असतानाच आपली फेब्रुवारी ते एप्रिल ही फट गाठायची. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा या प्रवासात आणखी दोनेक आठवड्यांची भर पडली. खोका तोच आणि थंड कंटेनरही तोच. फरक पडला तो कोणत्या बागेतला घड ते जास्तीचे दिवस काढू शकला आणि कोणत्या बागेतला नाही, यात.

त्या खोक्यात काय असतं ते एकदा पाहण्यासारखं आहे. साडेचार-पाच किलोचा पुठ्ठ्याचा खोका, आत प्लॅस्टिकचं अस्तर, खाली फुग्यांचा कागद, मग पिशव्यांत किंवा पनेटमध्ये घड, आणि सर्वांत वर एक पातळ चौकोनी पॅड. बागायतदार त्याला ग्रेपगार्ड म्हणतात. पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. खोक्यातली दमट हवा लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, आधी भसकन थोडा आणि मग आठवडेच्या आठवडे अगदी मंद. या वायूचा शत्रू बोट्रायटिस, करडी बुरशी. ती शून्य अंशालाही वाढते, त्यामुळे नुसती थंडी पुरत नाही. गंधकाचा धूर देऊन द्राक्षं टिकवण्याची ही विद्या कॅलिफोर्नियात विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बसवली गेली. पॅड ही तिची पुढची पायरी. पण हाच वायू जरा जास्त झाला की देठाजवळ मण्याचा रंग उडतो, पांढरट कडं पडतं, चवीला गंधक लागतो. मालात सल्फाइटचा अंश १० पीपीएमच्या वर चालत नाही. बुरशी मरायला हवी आणि रंग राहायला हवा, यातलं अंतर फार थोडं आहे.

पॅडच्या आधी येतं प्रीकूलिंग. सकाळी उन्हं चढायच्या आत तोडलेला माल चार-सहा तासांत शीतगृहात जाऊन मण्याच्या आतलं तापमान शून्य ते दोन अंशांवर आलं पाहिजे, हवेत ओलावा ९० ते ९५ टक्के हवा. तोडणीनंतर उन्हात घालवलेला एकेक तास पुढचे कित्येक तास खातो. तरीही हे सगळं, पॅड, शीतगृह, अस्तर, म्हणजे बँकेतून पैसे हळू काढण्याची सोय झाली. खात्यात किती आहेत ते बागेत ठरून गेलेलं असतं.

खात्यातली शिल्लक बघायची तर मण्याकडे नको, घडाच्या देठाकडे बघावं. मण्याला मेणाचा थर असतो, त्यावरची पांढुरकी झाक आपल्याला दिसते, आणि त्यातून पाणी सहज बाहेर जात नाही. देठाला तसं कवच नाही. त्यामुळे घडातलं पाणी दोन-तीन टक्के कमी झालं की पहिल्यांदा देठ तपकिरी होतो, मग वाळतो, मग घड उचलला की मणी टपटप गळतात. मणी अजून टवटवीत असतानाही देठ खरं बोलतो. बेदाणा करणाऱ्यांची गरज बरोबर उलटी: त्यांना पाणी लवकर जायला हवं असतं. म्हणून तासगावकडे द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, मेणाचा थर सैल होतो, आणि शेडमधल्या जाळीवर पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. ज्या थरासाठी निर्यातवाला मजुरांना घड हातात न घेता देठाला धरा म्हणून ओरडतो, तोच थर चाळीस किलोमीटरवर मुद्दाम धुतला जातो.

आता एक मुक्काम मागे, जानेवारीतल्या बागेत. निफाड, दिंडोरी भागात या दिवसांत बागेत शिरलं तर मांडवाखाली द्राक्षं दिसत नाहीत, वर्तमानपत्रं दिसतात. प्रत्येक घडाला कागद गुंडाळलेला, वर टाचलेला. एकरात हजारो घड. बायका ओळीने पुढे सरकत कागद लावत असतात आणि तोडणीच्या आधी पुन्हा ओळीने काढतात. हल्ली पांढरे कोरे कागद आणि तयार पिशव्याही मिळतात, पण रद्दीची सद्दी संपलेली नाही. नुसतं ऊन अडवायचं, मणी हिरवा ठेवायचा, एवढंच याचं काम असेल असं वाटतं. खरं दुखणं वेगळं होतं.

त्या दुखण्याला बागायतदार पिंक बेरी म्हणतात. तोडणीला आठ-पंधरा दिवस राहिलेले असताना हिरव्या घडातल्या काही मण्यांवर गुलाबी छटा येते. दिसायला वाईट नाही. पण दोन-चार दिवसांत ती मळकट लाल होते, मणी मऊ पडतो, पाणीदार होतो आणि प्रवास सोसत नाही. थॉमसन आणि तास-ए-गणेश या दोघांनाही हे होतं, आणि होतं ते दिवस-रात्रीच्या तापमानात फार तफावत पडली की. निफाडच्या थंडीचा आकडा दर डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांत छापून येतो. तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला असतो. रात्री पारा पाच-सहा अंशांवर आणि दुपारी ऊन तिशीत, असं आठवडाभर चाललं की बागायतदाराची झोप जाते. पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबकने पाणी सोडतात. शास्त्रज्ञांनी ॲस्कॉर्बिक ॲसिडसारख्या फवारण्या सुचवल्या. पण टिकला तो कागद, कारण तो घडाभोवतीची दुपार आणि पहाट यांतला फरक थोडा कमी करतो. थंडी फार झाली तर मणी तडकतात हे निराळंच, आणि त्याला कागद पुरत नाही. रंग आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे पिंक बेरीइतकं स्पष्ट दुसऱ्या कशात दिसत नाही: रंग बदलला आणि साल गेली, दोन्ही एकाच आठवड्यात.

काळ्या-लाल द्राक्षांत हे चित्र उलटं फिरतं. तिथे रंग यावा म्हणून देव पाण्यात ठेवायचे. मुळात द्राक्षं ही काळीच. पांढरी म्हणजे हिरवी द्राक्षं नंतरची. २००४ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं, की रंग चालू करणाऱ्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसल्यामुळे ही द्राक्षं रंग बनवायची थांबली. काळ्या जातीत हे जनुक शाबूत असतं, पण ते कामाला लागतं ते मण्यात पाणी उतरल्यावर. कडक मणी ज्या आठवड्यात मऊ पडू लागतो त्याला आपल्याकडे 'पाणी उतरणं' म्हणतात, आणि इथून पुढचे तीन-चार आठवडे सालीत रंग भरतो. रात्र थंड हवी. दुपार पस्तिशीच्या वर गेली की बनलेला रंगही मोडतो. शरद सीडलेस आपल्या हवेत चांगला काळा होतो, जुन्नर-नारायणगावच्या जम्बोने तर परदेशात नाव काढलं. पण फ्लेम किंवा क्रिमसन सीडलेससारख्या लाल जाती अर्ध्या लाल, अर्ध्या हिरव्या राहतात. घड एका बाजूने लाल आणि मागून हिरवा, असा माल कुणी विचारत नाही.

याला दोन वाटा. एक बाटलीतली: पाणी उतरताना इथरेल मारायचं. रंग येतो, पण त्यातून सुटणारं इथिलीन मण्याला मऊही करतं, म्हणजे रंगाची किंमत टिकाऊपणातून वळती होते. ॲबसिसिक ॲसिड हा जास्त नेमका पण महाग उपाय. दुसरी वाट कात्रीची, आणि माझ्या मते खरी: घड कमी ठेवणं. एका घडामागे पंधरा-सोळा निरोगी पानं असतील तरच साखर आणि रंग दोन्ही पुरतात. घडाभोवतीची दोन-चार पानं काढून उजेड आत सोडायचा, पण उन्हाचा थेट चटका बसेल इतकी नाही. खोडावरची तीन-चार मिलिमीटरची सालीची कडी काढून, म्हणजे गर्डलिंग करून, पानांत तयार झालेली साखर खाली मुळाकडे जाण्याआधी काही आठवडे घडाकडे वळवायची. पालाश वेळेवर द्यायचं, नत्र वेळेवर थांबवायचं. शेवटच्या टप्प्यात नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार होतात, साल पातळ राहते आणि रंग रुसतो. हे सगळं ऐकून घेणारा बागायतदार मान हलवतो; पण वेलीवरचे पन्नास घड कापून खाली टाकणं म्हणजे काय असतं, हे कापणाऱ्यालाच ठाऊक.

कॅल्शियमची गोष्ट याहून मागे जाते. सालीचा कणखरपणा बराचसा कॅल्शियमवर, पण मण्याला ते मिळतं फळधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. तेव्हा मण्याकडे पाणी काष्ठवाहिन्यांतून येत असतं आणि कॅल्शियम त्याच्याबरोबर येतं. पाणी उतरलं की तो रस्ता जवळजवळ बंद होतो आणि साखर आणणारा दुसरा रस्ता चालू होतो. त्यातून कॅल्शियम फारसं जात नाही. त्यामुळे तोडणीच्या तोंडावर 'टिकाऊपणासाठी' म्हणून मारलेलं कॅल्शियम मुख्यतः दुकानदाराचा हंगाम टिकवतं.

मण्याचा आकार हा या सगळ्याला फाटे फोडणारा प्रकार. बिनबियांचं द्राक्ष मुळात बारीक असतं, कारण मणी फुगवणारं संजीवक बीमध्ये तयार होतं आणि इथे बीच नाही. ती उणीव भरून काढली ती जपानच्या भाताच्या एका रोगाने. त्या रोगात भाताची रोपं उगाच उंच होऊन कोलमडत. १९२६ साली एइइची कुरोसावा यांनी तैवानमध्ये दाखवलं की हे काम बुरशीच्या स्रावाचं आहे. १९३५ मध्ये याबुतांनी त्याला जिबरेलिन हे नाव दिलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात ते थॉमसनवर वापरून बघितलं आणि मणी दुपटीने फुगला. आपल्याकडे ते 'जीए' झालं. फुलोऱ्याच्या आधी दहा-पंधरा पीपीएम, घड लांब व्हायला. फुलोऱ्यात, काही फुलं गळायला. आणि मणी ज्वारीएवढा, मग हरभऱ्याएवढा झाला की चाळीस पीपीएमच्या आसपास, फुगवणीला. ही शेवटची मात्रा फवारायची नाही, बुडवायची. हातात द्रावणाचा मग घेऊन मजूर बाई एकेक घड त्यात अलगद बुडवते, झटकते आणि पुढच्या घडाला जाते. याला डिपिंग म्हणतात, आणि दिवसभर मान वर करून मांडवाखाली उभं राहून ते करायचं असतं. कुठल्या घडाचं झालं ते कळावं म्हणून द्रावणात रंग मिसळतात.

जीएने आकार दिला आणि टिकाऊपणाशी एक सूक्ष्म भांडणही लावलं. मात्रा जास्त झाली तर घडाचा दांडा जाड आणि लाकडी होतो, मण्याचा देठ ताठ होतो, आणि पेटीत हादरे बसले की मणी सुटतात. सीपीपीयू नावाचं दुसरं संजीवक साल जाड करतं, मणी गोल आणि हिरवा ठेवतं, पिकणं लांबवतं. हिरव्या निर्यातीला यापेक्षा काय हवं? पण तेच औषध लाल जातीला लागलं की रंग अडतो, आणि हिरव्याला जास्त झालं की साल चिवट, साखर कमी. युरोपला गेलेला सुंदर, मोठा, हिरवागार आणि चवीला पाणचट मणी इथेच जन्मतो. आपल्या हातगाडीवरचं गिऱ्हाईक हिरव्यापासून दूर पळतं त्यात या अनुभवाचाही वाटा असेल.

जातींचा मागोवा घेतला की आणखी एक गोष्ट जाणवते: आपल्या बागांतली बरीच नावं प्रयोगशाळेतून आलेली नाहीत, बांधावरून आलेली आहेत. थॉमसन हे मूळचं मध्यपूर्वेतलं किशमिश. १८७२ च्या सुमारास विल्यम थॉमसन यांनी त्याची काडी न्यूयॉर्क राज्यातल्या रोपवाटिकेकडून कॅलिफोर्नियात आणली आणि नाव चिकटलं. महाराष्ट्रात त्याच्या बागा १९६० च्या दशकात पसरू लागल्या. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाची स्थापनाही १९६० चीच. त्यानंतर सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना थॉमसनच्या बागेत एक वेल वेगळी दिसली. तीच तास-ए-गणेश. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधून लांब मण्याची सोनाका निवडली आणि काळ्या किशमिश चोर्नीमधून शरद सीडलेस. माणिक चमन ही सोलापूरकडचीच निवड. एका काडीवरचा घड बाजूच्यापेक्षा लांबट आहे, चार दिवस उशिरा पिवळा पडतो, तोडून ठेवला तर जास्त टिकतो, हे पाहणारा डोळा आणि ती काडी वेगळी बांधून ठेवणारा हात, एवढ्या भांडवलावर हे झालं. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र मांजरीला आलं ते १९९७ साली, म्हणजे या निवडी बागांत रुजल्यानंतर.

मुळाकडचा धागा मात्र पार टेक्सासला जातो. तिथल्या डॉग रिज नावाच्या टेकडीवरच्या रानवेलीला टी. व्ही. मन्सन या द्राक्षवेड्याने प्रसिद्धी दिली. १९८० च्या दशकातल्या दुष्काळाने आणि खारवट पाण्याने आपल्या स्वमुळावरच्या बागा बसल्या, तेव्हा हा डॉगरिजचा खुंट महाराष्ट्रात पसरला. आज वरचा वेल थॉमसन असो की शरद, खाली बहुधा तोच असतो. तो कमी पाण्यात तगतो, पण जोमदार आहे, पानोळा उदंड. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाचा गर्भ धरायचा असतो. त्या वेळी वेल वाढीतच रमला तर डोळे रिकामे जातात. हा जोम आवरायला लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट, कामी येई. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत त्याचेच अंश सापडले आणि हंगाम कोसळला. त्याआधी २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये मिथोमिल या कीटकनाशकावरून असंच झालं होतं, त्यातून अंश तपासणीची योजना आणि २००६ पासून प्रत्येक बागेची नोंद ठेवणारं ग्रेपनेट आलं. औषध मारलं जूनमध्ये, सापडलं पुढच्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या खंडात. वेलीची स्मरणशक्ती बागायतदाराच्या वहीपेक्षा चांगली निघाली.

एप्रिलला आणि ऑक्टोबरला अशी दोन छाटण्यांची रीतही इथलीच. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वर्षात एकदा छाटतात. दख्खनमध्ये तो झोपतच नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात याची नोंद केली आहे. पावसाळ्यातलं पीक आंबट आणि कुजणारं, थंडीनंतरचं गोड. पुढे माळ्यांनी आंबट पीक सोडूनच दिलं: एप्रिलला खरड छाटून नुसती काडी घडवायची आणि ऑक्टोबरला छाटून त्या काडीवर फळ घ्यायचं. फेब्रुवारीतला घड टिकेल की नाही याचा पहिला निकाल मागच्या जूनमध्येच लागतो, तो या रीतीमुळे.

थॉमसनच्या आधीच्या काळातल्या वेली तारांच्या मांडवावर नसत. पांगाऱ्याचा खुंट रोवून त्यावर चढवत. जाती भोकरी, फकडी, साहेबी, हबशी. फकडी तोडली की दोन दिवसांत उतरायची, भोकरी त्या मानाने दम धरायची, आणि म्हणून ती जास्त लागली. टिकाऊपणाची पहिली निवड बाजारानेच केली होती, शास्त्राने नव्हे. शास्त्र आलं ते पुण्यातच, गणेशखिंडीत. तिथल्या सरकारी फळबागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी पांढऱ्या साहेबीच्या रोपांतून निवडलेली चीमा साहेबी काही दशकं चालली. पेरूतली सरदारही त्यांचीच, १९२७ ची निवड. आणि १९३० च्या दशकात याच गणेशखिंडीत फळांच्या शीतसाठवणीवर संशोधन सुरू झालं. मुख्यतः आंब्यावर, पण आपल्या फळांना किती अंशाला किती दिवस ठेवता येतं हा प्रश्न तिथे पहिल्यांदा तापमापक लावून विचारला गेला.

त्याला नव्वदेक वर्षं झाली. रॉटरडॅमला जाणाऱ्या घडाला शून्य अंश, पॅड, अस्तर आणि कागदोपत्री जन्मदाखला मिळतो. गुलटेकडीला येणारा बहुतेक माल मात्र अजूनही न थंड करता, रात्रभर ट्रकमध्ये, पेटीत कागदाची कात्रणं घालून येतो, दिवसभर उन्हात विकला जातो आणि तिसऱ्या दिवशी सुकतो. दहा महिने बागेत जपलेला टिकाऊपणा आपण एका रात्रीत उडवतो, आणि त्याचा भुर्दंड ज्याने कागद लावला त्यालाही पडतो आणि विकत घेणाऱ्यालाही. देशी बाजारासाठी गावपातळीवर प्रीकूलिंग उभं करणं हे निर्यातीच्या पुढच्या शंभर योजनांपेक्षा जास्त मोलाचं काम आहे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर बिबवेवाडीतल्या वाचकांनी एवढं करावं: सकाळी लवकर घ्यावीत, रंग बघण्याआधी देठ हिरवा आहे का बघावा, मण्यांवरची पांढुरकी झाक औषध समजून पुसू नये, ती मणी स्वतःच तयार करतो, न धुता पिशवीत सैल घालून फ्रीजमध्ये ठेवावीत आणि खायच्या वेळी, खायची तेवढीच, नीट वाहत्या पाण्यात धुवावीत. आणि गाडीवाल्याने हिरव्या ढिगातला मणी दिला तर तोही एकदा खाऊन बघावा.